अण्णांचं हृदय उजवीकडे, मग पेसमेकर कुठे?

पत्र : सा. न. माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, वय ६८, एस.टी.चे निवृत्त ड्रायव्हर. १९८१ साली नोकरीच्या मेडिकलला एक्स-रे काढला तेव्हा त्यांचं हृदय उजव्या बाजूला असल्याचं कळलं. नंतर पित्ताशयातल्या खड्यांसाठी सोनोग्राफी झाली, त्यात यकृत डावीकडे आणि प्लीहा उजवीकडे निघाली. त्रास मात्र कधी काही नव्हता. गेल्या दिवाळीपासून चक्कर येते. दोन महिन्यांपूर्वी गोठ्यात धार काढताना कोसळले, कपाळाला तीन टाके पडले. होल्टरमध्ये (अंगावर लावून दिवसभर ईसीजी टिपणारं यंत्र) भरदुपारी हृदय सव्वाचार सेकंद थांबल्याचं आलं आणि त्याच वेळी अण्णांना गरगरलं होतं. जिल्ह्याच्या ठिकाणच्या डॉक्टरांनी पेसमेकर सांगितला आहे. त्याआधी गावातल्या डॉक्टरांनी ईसीजी बघून ‘जुना अटॅक’ म्हटलं होतं. भाऊ म्हणतो मुंबईला न्या, इथल्यांना उलटं हृदय काय कळणार. अण्णा म्हणतात, “पांडुरंगानं उजवीकडं ठेवलंय, अडुसष्ट वर्सं चाललं, आता त्याला तारा कशाला?” हे उलट्या हृदयामुळेच झालं का? मशीन बसतं का, आणि कुठल्या बाजूला? आषाढीची वारी करता येईल का? त्यांच्या गोळ्यांची आणि डोळ्यांच्या थेंबांची यादी व ईसीजीचा फोटो जोडला आहे. — एक लेक, सांगली जिल्हा

ताई,

ईसीजीचा फोटो आधी उघडला आणि पत्र नंतर वाचलं. जुनी खोड आहे. ईसीजी हृदयाकडे वेगवेगळ्या कोनांतून बघतो, त्या एकेका कोनाला लीड म्हणतात. लीड एकमधल्या ठोक्याच्या सगळ्या लाटा उपड्या : पी खाली, क्यूआरएस खाली, टीसुद्धा खाली. एव्हीआर नावाची लीड एरवी सगळ्यांच्यात खाली मान घालून असते, ती अण्णांच्यात ताठ उभी आहे. छातीवरच्या सहा लीडमध्ये पहिलीकडून सहावीकडे जाताना उंच लाट वाढत जायला हवी, ती इथे विझत विझत गेली आहे. मशीननं वर छापूनही टाकलंय, जुन्या झटक्याची शक्यता म्हणून. मशीनला बिचाऱ्याला काय माहीत की तारा डाव्या बाजूला लावल्यात आणि माणूस उजवीकडे धडधडतोय!

गावातल्या डॉक्टरांना नावं ठेवण्याआधी माझीही एक फजिती ऐका. शिकाऊ डॉक्टर असतानाची गोष्ट. रात्री दीडच्या सुमारास दम्याची एक बाई वॉर्डात आली. ईसीजी हातात आला तो असाच उपडा. मी टेक्निशियनवर खेकसलो, “लाल आणि पिवळी वायर अदलाबदल झालीय, परत काढ.” त्यानं परत काढला. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा काढला. चौथ्यांदा मी स्वतःच्या हातानं वायरी लावल्या, तरी कागद तोच. इतका वेळ औषधाची ट्रॉली आवरत बसलेल्या म्हाताऱ्या सिस्टर मान वर न करता म्हणाल्या, “डॉक्टर, एकदा नळी उजवीकडं लावून बघा.” लावली. ठकठक अगदी स्पष्ट. तासाभरापूर्वी त्याच बाईच्या केसपेपरवर मी माझ्या अक्षरात लिहून ठेवलं होतं, ‘हृदयाचे ठोके मंद ऐकू येतात’. मंद येतील नाही तर काय, मी भलत्याच घरावर कान लावून उभा होतो.

तेव्हा मला जे कळायला हवं होतं ते तुम्ही आत्ताच लक्षात ठेवा. हाताच्या वायरी चुकल्या तर फक्त हातापायांच्या लीड उलट्या येतात, छातीच्या लीड शहाण्यासारख्या असतात. अण्णांच्या छातीच्याही लीड विझत गेल्या आहेत, म्हणजे वायर चुकलेली नाही. आता एकदा मुद्दाम उलटा ईसीजी काढून घ्या : हातांच्या वायरी अदलून आणि छातीचे चिकटे उजव्या बाजूला आरशात दिसतील तसे लावून. तो कागद बहुधा चारचौघांसारखा सरळ येईल, आणि तो ‘जुना अटॅक’ खरंच आहे की नाही ते त्यावर नीट कळेल. कागदावर मोठ्या अक्षरात ‘उजवीकडील लीड’ लिहून घ्या आणि दोन्ही कागद एकाच प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवा. उद्या अपरात्री छातीत दुखलं, तर नव्या डॉक्टरला तुलनेसाठी हे दोन कागद लाख मोलाचे आहेत.

आता मूळ प्रश्न. उलट्या हृदयामुळे हे झालं का? माझ्या मते नाही, आणि मी तसं का म्हणतो ते सांगतो. हृदय उजवीकडे असणारे सगळे एका माळेचे मणी नसतात. अण्णांच्यात हृदय, यकृत, प्लीहा, सगळंच आरशातल्यासारखं पालटलेलं आहे. साधारण दहा हजारांत एखादा असा निघतो. सगळंच एकसाथ पालटलं की अवयवांची आपापसातली मांडणी बिघडत नाही, त्यामुळे अशा माणसांचं हृदय बहुतेक वेळा रचनेनं ठणठणीत असतं. तीस-पस्तीस वर्षं घाटातून एस.टी. हाकणाऱ्या माणसाचं हृदय ठणठणीत होतं याला मी वेगळं सर्टिफिकेट मागत नाही. याउलट यकृत नेहमीच्या जागी आणि एकटं हृदयच उजवीकडे, असं असेल तर मी कान टवकारतो. अशांच्यात जन्मजात दोष पुष्कळ सापडतात. त्यातला एक प्रकार असा की खालचे दोन कप्पे आणि दोन मोठ्या रक्तवाहिन्या यांची अदलाबदल झालेली असते. त्या हृदयातली वायरिंगच नाजूक असते आणि वरच्या कप्प्यांतून खाली निरोप पोहोचणं पुरतं बंद पडण्याचा धोका दर वर्षी शंभरात दोन जणांच्या आसपास धरतात. एक्स-रेच्या फिल्मवर हृदयाच्या आतली ही मांडणी दिसत नाही. म्हणून पेसमेकरच्या आधी अण्णांचा एको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, एकदा निवांतपणे आणि हृदय उजवीकडे आहे हे सांगून करून घ्या. घाईत केलेल्या एकोत प्रोब डावीकडे ठेवून ‘चित्र नीट मिळाले नाही’ असा शेरा आलेला मी पाहिला आहे.

मग थांबतं ते काय? हृदयाच्या वरच्या उजव्या कप्प्यात, वरची महाशिरा जिथे उतरते तिथे, ठोक्याची सुरुवात करणारा पेशींचा एक पुंजका असतो. अण्णांच्यात तो कप्पाच डाव्या अंगाला आहे, म्हणून तो पुंजकाही डावीकडे. वय झालं की त्या पुंजक्यात चिवट तंतू वाढतात, तो अधूनमधून डुलकी काढतो. तुमच्या आमच्यातही हेच होतं. अण्णांचा पुंजका डाव्या बाजूला झोपतो, एवढाच फरक.

पण त्याला झोप लावणारं बाहेरचं काही आहे का, हे आधी बघायला हवं. इथे तुमची औषधांची यादी वाचून मी खुर्चीत सरळ बसलो. ब्लडप्रेशरसाठी मेटोप्रोलॉल आहे. ही गोळी ठोके कमी करते, म्हणून तिच्याबद्दल बहुतेक डॉक्टर विचारतात. खाली तुम्ही ‘काचबिंदूचे थेंब, दिवसातून दोनदा’ एवढंच लिहिलंय, नाव नाही. त्या थेंबांत टिमोलॉल असेल तर तेही त्याच जातीचं औषध आहे. डोळ्यातून नाकात आणि नाकातून रक्तात उतरतं आणि हृदयाचा वेग कमी करतं. डोळ्यांचा डॉक्टर हृदयाची फाईल बघत नाही आणि हृदयाचा डॉक्टर थेंबांना औषध समजत नाही, अशी गंमत आपल्याकडे रोज चालते. थेंब किंवा गोळी तुमच्या मनानं बंद करू नका. काचबिंदू बिघडला तर गेलेली नजर परत येत नाही, आणि मेटोप्रोलॉल एकाएकी तोडणंही बरं नाही. बाटली आणि गोळ्यांची पाकिटं घेऊन पेसमेकर सांगणाऱ्या डॉक्टरांकडे जा आणि विचारा, हे बदलून पुन्हा होल्टर लावायचा का? थायरॉइड आणि पोटॅशियम तपासलंय का, तेही विचारा. ते म्हणाले की गोळी अगदी गरजेची आहे किंवा थांबायला वेळ नाही, तर पेसमेकर बसवून घ्या, मग घासाघीस नको. सव्वाचार सेकंदांच्या आकड्यापेक्षा मला तुमचं दुसरं वाक्य महत्त्वाचं वाटतं, की त्याच वेळी त्यांना गरगरलं होतं. झोपेत ठोका रेंगाळणं वेगळं आणि दुपारी जागेपणी थांबून माणूस कोसळणं वेगळं. तोवर अण्णांनी गाडी चालवायची नाही, माळ्यावर आणि विहिरीच्या कठड्यावर चढायचं नाही. एस.टी.च्या ड्रायव्हरला गाडी चालवू नका म्हणणं किती अवघड आहे ते मला माहीत आहे. तरी सांगा.

बाजूचं आता. साध्या माणसाला पेसमेकर डाव्या गळपट्टीच्या हाडाखाली बसवतात. बहुतेकांचा उजवा हात कामाचा असतो हे एक कारण, आणि डावीकडच्या शिरेतून तार सोडली की ती सुबक वळण घेत हृदयात उतरते हे दुसरं. अण्णांच्यात सगळं पालटलंय, म्हणून ते सुबक वळण उजव्या बाजूनं मिळतं. डाव्या बाजूनंही बसवता येतो, वाट जरा आखूड आणि कोनाची होते इतकंच. मी असतो तर उजवीकडे झुकलो असतो, पण अण्णा उजव्या हातानं वैरण कापतात, कुदळ मारतात, तेव्हा डॉक्टरांनी डावी बाजू सुचवली तर त्यातही काही वावगं नाही.

शस्त्रक्रिया भूल न देता, जागा बधिर करून होते. हाडाखाली दोन-अडीच इंचांची चीर, शिरेतून दोन तारा, एक वरच्या कप्प्यात, एक खालच्या. डॉक्टर समोरच्या एक्स-रेच्या पडद्यावर बघत तार पुढे सारतात. पडद्यावरचं चित्र डावं-उजवं पालटता येतं. पालटलं की हृदय नेहमीसारखं दिसतं, डोळ्यांना बरं वाटतं. पण हात फसतात, कारण चित्र पालटलं तरी माणूस पालटत नाही : जिथे तार घड्याळाच्या काट्याप्रमाणे पिळायची सवय असते तिथे अण्णांच्यात उलटी पिळावी लागते. आरशात बघून मिशी कातरताना कात्री भलतीकडे जाते ना, तसंच. म्हणून सवयीचा डॉक्टरही इथे दोन मिनिटं थांबतो, शिरेत रंगीत औषध सोडून वाट कशी आहे ते बघून घेतो. काहींच्यात एखादी जादा महाशिरा असते, ती आधी कळलेली बरी. तार टोकाला स्क्रू असलेली घेतात, म्हणजे ती हवी तिथे भिंतीत रुतवता येते. मांडीच्या शिरेतून आत सोडायचा बिनतारी पेसमेकरही निघाला आहे, पण अण्णांचा बिघाड वरच्या कप्प्यातला आहे, त्यांना तारांचाच बरा.

भावाला सांगा, मुंबईच हवी असं नाही. उलट्या हृदयात पेसमेकर बसवणं आता नवलाईचं राहिलेलं नाही. ज्या डॉक्टरचा हात दर आठवड्याला पेसमेकरवर चालतो तो सांगलीतला, कोल्हापुरातला, मिरजेतला असला तरी चालेल. त्याला सरळ विचारा : तुम्ही महिन्याला किती बसवता, एको स्वतः बघितला का, कुठली बाजू घेणार आणि का. तिसऱ्या प्रश्नाला तो आधी विचार करून ठेवल्यासारखं उत्तर देत असेल तर निश्चिंत राहा. “बघू टेबलावर” म्हणाला तर मात्र दुसरं मत घ्या. खर्चाचं म्हणाल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत रुग्णालय बसतं का, हे तिथल्या आरोग्यमित्राला आधी विचारून ठेवा. रेशनकार्ड आणि आधार सोबत न्या.

अण्णांना “तारा कशाला” याचं उत्तर हवंय. त्यांना आर्ने लार्सन नावाच्या स्वीडिश गृहस्थाची गोष्ट सांगा. शरीरात पूर्ण बसवलेला जगातला पहिला पेसमेकर ८ ऑक्टोबर १९५८ ला स्टॉकहोममध्ये त्यांच्यात बसवला. तो काही तासच चालला. नंतर दुसरा, तिसरा असं करत आयुष्यात २६ पेसमेकर झाले आणि २००१ मध्ये, ८६ व्या वर्षी ते वारले, तेही हृदयाच्या दुखण्यानं नव्हे. आजच्या पेसमेकरच्या डबीचा सेल आठ-दहा, कधी बारा वर्षंही जातो. संपत आला की तपासणीत आधी कळतं, मग डबी बदलतात, तारा बहुधा त्याच राहतात.

नंतरचे चार-सहा आठवडे त्या बाजूचा हात खांद्याच्या वर न्यायचा नाही. पण गळ्यात झोळी बांधून हात आखडून बसवूही नका, खांदा धरतो. बोटं, कोपर हलतं ठेवायचं. मोबाईल वरच्या खिशात नको आणि दुसऱ्या कानाला. डबी उजवीकडे बसली तर डावा कान, ध्यानात येतंय ना? इंडक्शनच्या शेगडीपासून दोन फूट लांब. एमआरआयची वेळ आली तर आधी पेसमेकरचं कार्ड दाखवायचं. जखम लाल झाली, सुजली, ताप आला, उचकी थांबेना किंवा पुन्हा चक्कर आली तर तपासणीच्या तारखेची वाट बघायची नाही. आणखी एक गोष्ट ड्रायव्हरसाठी : आपल्याकडे ड्रायव्हरचा सीटबेल्ट उजव्या खांद्यावरून येतो. डॉक्टरांनी गाडीची परवानगी दिल्यावर डबी उजवीकडे असेल तर तो पट्टा बरोबर तिच्यावर बसेल. मध्ये मऊ फडका ठेवा, पण पट्टा सोडून गाडी चालवायची नाही.

वारी करता येईल. जखम भरली, तपासणी झाली आणि डॉक्टरांनी हो म्हटलं की पायी जायला काही हरकत नाही. टाळ वाजवा, फुगडी नको. पताका डबीच्या बाजूच्या खांद्यावर घ्यायची सवय असेल तर यंदा दुसऱ्या खांद्यावर, आणि दिंडीतल्या कर्ण्याच्या मोठ्या स्पीकरला टेकून झोपायचं नाही.

दिंडीतल्या दोन-चार जणांना एक गोष्ट सांगून ठेवा. अण्णा कोसळले आणि नाडी लागेना, तर छाती दाबायची ती नेहमीच्याच जागी, मधोमध. शॉक देणारं यंत्र आलं तर त्याचे दोन चिकटे मात्र पालटून लावायचे : एक डाव्या गळपट्टीखाली, दुसरा उजव्या काखेच्या खाली फासळ्यांवर, आणि डबीवर चिकटा नको. अपेंडिक्स आणि पित्ताशय दोन्ही त्यांच्या डाव्या बाजूला आहेत, म्हणून डाव्या कुशीत कळ आली तर ‘गॅस झाला’ म्हणून ओवा देत बसू नका. हे सगळं एका कार्डावर मराठीत आणि इंग्रजीत लिहून पाकिटात, पेसमेकरच्या कार्डाच्या पाठीमागे.

तुम्ही विचारलं नाही, तरी एक चौकशी माझी. अण्णांना लहानपणापासून नाक वाहणं, सायनस, वर्षभर कफाचा खोकला असं काही आहे का? १९३३ मध्ये झ्युरिकच्या कार्टाजेनर नावाच्या डॉक्टरांनी पालटलेले अवयव, सायनस आणि फुफ्फुसाच्या रुंदावलेल्या नळ्या हे त्रिकूट मांडलं, त्यावरून त्या आजाराला त्यांचं नाव पडलं. श्वासनलिकेतले सूक्ष्म केस नीट हलत नाहीत म्हणून ते होतं. नसेल तर विषय मिटला. असेल तर फुफ्फुसांच्या डॉक्टरांनाही एकदा दाखवा, आणि तुमच्या मुलांना असाच खोकला असेल तर त्यांनाही.

ते थेंब उद्या सकाळीच बघा. बाटलीवर नाव अगदी बारीक अक्षरात असतं, चष्मा लावून बघा, आणि काय निघालं ते मला कळवा.